प्रिंटएफ कधी चालतं, कधी मरतं: कॉलिंग कन्व्हेन्शन आपल्या कंपायलरमध्ये कशी बसवायची

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही धागा लागेल. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी तू लहानशा भाषेचा कंपायलर करतोयस आणि तो थेट एक्स८६-६४ चं असेम्ब्ली काढतो. तुझ्या भाषेतलं `दाखव` हे फंक्शन सी भाषेच्या प्रिंटएफ या छापण्याच्या फंक्शनने आकडा छापतं आणि तोच परत देतं. लिनक्सवर `दाखव(ब)` चालतं. `अ + दाखव(ब)` लिहिलं की प्रिंटएफच्या आत सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम तिथेच पडतो. आणि `अ + (क + दाखव(ब))` लिहिलं की, तुझ्याच शब्दांत, "पुन्हा चालून राहिलं, डोकंच चालत नाही." शिवाय `बेरीज(क्ष, वर्ग(य))` मध्ये क्ष ची किंमत बदलते, आणि हिंगण्याच्या तुझ्या पार्टनरच्या विंडोज लॅपटॉपवर त्याच असेम्ब्लीतून सगळा कचरा छापला जातो.

आधी दिलाशाची गोष्ट: तुझा पार्सर आणि एक्स्प्रेशनचा कोड ठीक दिसतो. गडबड फक्त कॉलच्या जागी आहे: एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावताना काय कुठे ठेवायचं आणि काय जपायचं याचा ठरलेला करार, म्हणजे कॉलिंग कन्व्हेन्शन, तुझा कोड पाळत नाही.

एकदा मरतं, एकदा चालतं, ही खूण सम-विषमाची आहे. लिनक्सवरचा हा करार म्हणजे सिस्टम व्ही एबीआय, आणि त्याचा नियम असा की `कॉल` सूचना चालण्याच्या क्षणी आरएसपी (स्टॅकच्या टोकाचा पत्ता ठेवणारा रजिस्टर) १६ ने निःशेष भाग जाणारा असला पाहिजे. `कॉल` स्वतः ८ बाइटचा परतीचा पत्ता ढकलते, म्हणजे फंक्शनमध्ये शिरताना बाकी ८ उरते; तू `पुश आरबीपी` केलंस (आरबीपी म्हणजे चालू फंक्शनच्या स्टॅकवरच्या जागेचा तळ दाखवणारा रजिस्टर) की पुन्हा ०. इथपर्यंत तुझं बरोबर आहे. पण तुझा कंपायलर बेरजेची डावी बाजू काढून ती स्टॅकवर पुश करतो आणि मग उजवी बाजू काढायला जातो. `अ + दाखव(ब)` मध्ये कॉलच्या वेळी अ हा एक ८ बाइटचा तुकडा स्टॅकवर लटकलेला असतो. स्टॅक वाकडा. दोन तुकडे लटकले तर १६ बाइट, स्टॅक आपोआप सरळ. म्हणून तुझं तिसरं उदाहरण चालतं. तो निव्वळ योगायोग आहे.

मग मरण `दाखव` मध्ये न येता प्रिंटएफमध्येच का येतं? कारण तुझ्या स्वतःच्या कोडला १६ ची गरजच नाही. ८ बाइटचे साधे मूव्ह वाकड्या पत्त्यावरही मुकाट चालतात. जीलिबसीमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या सीच्या लायब्ररीत, मात्र कंपायलरने नियम पाळला जाईल असं गृहीत धरून `मूव्हॅप्स` सारख्या सूचना टाकलेल्या असतात, आणि त्या १६ ने भाग न जाणाऱ्या पत्त्यावर सरळ फॉल्ट देतात. पडताळून बघ: जीडीबी या डीबगरमध्ये क्रॅश झाल्यावर आरआयपीपाशी (चालू सूचनेचा पत्ता) कोणती सूचना आहे ते पाहा, आणि आरएसपी हेक्समध्ये छाप. सूचना `मूव्हॅप्स` असेल आणि पत्त्याचा शेवटचा अंक ८ असेल तर दुसरं काही शोधत बसू नकोस.

यात अजून एक छुपी मेख आहे. प्रिंटएफसारख्या कितीही आर्ग्युमेंट्स घेणाऱ्या फंक्शनला बोलवताना एएलमध्ये (आरएएक्सचा सर्वांत खालचा बाइट) किती व्हेक्टर रजिस्टर (दशांशाच्या किमतींचे एक्सएमएम) वापरले त्याची वरची मर्यादा द्यावी लागते. फक्त पूर्णांक देत असशील तर ०. ते तू कुठेच भरत नाहीस. जीलिबसीचं प्रिंटएफ शिरल्याशिरल्या एएल तपासतं, आणि ० नसेल तरच एक्सएमएम रजिस्टर `मूव्हॅप्स` ने स्टॅकवर ठेवतं. म्हणजे आरएएक्समध्ये मागच्या हिशेबाचं काय उरलं होतं यावरही तुझं मरण-जगणं थोडंफार अवलंबून आहे. अशा बगवर रात्री जातात, बाप्पा. कॉलच्या आधी `एक्सॉर ईएएक्स, ईएएक्स` लिहून एएल शून्य कर आणि मोकळा हो.

आता उपाय. बरेच जण सांगतील की कॉलच्या आधी लटकलेले पुश मोज आणि विषम असतील तर ८ वजा कर. चालेल, पण माझं मत विरुद्ध आहे. एक्स्प्रेशनच्या मधोमध पुश-पॉप करणंच सोड. आपल्याकडे मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये ८०८६ वर पुश-पॉपची सवय लागते आणि मग माणूस कंपायलरही तसाच लिहितो. त्याऐवजी फंक्शनचा कोड काढण्याआधी एकदा पार्सरने बनवलेल्या झाडावरून फिर आणि मोज: लोकल व्हेरिएबल किती, मधल्या किमतींना (टेम्पररी) एकाच वेळी जास्तीत जास्त किती खाने लागतील, आणि कोणत्या कॉलला स्टॅकवरून सर्वांत जास्त आर्ग्युमेंट्स द्यावी लागतील. या तिघांची बेरीज १६ च्या पटीत वर ने (१५ मिळव, खालचे चार बिट शून्य कर) आणि प्रोलॉगमध्ये (फंक्शनच्या सुरुवातीच्या सूचनांत) एकदाच आरएसपीतून वजा कर. मग फंक्शन संपेपर्यंत आरएसपीला हात लावायचा नाही. ३ लोकल आणि २ टेम्पररी म्हणजे ४० बाइट, ४८ घे. स्टॅक वाकडा व्हायला आता जागाच उरत नाही. वर प्रत्येक टेम्पररीला आरबीपीपासून ठरलेला पत्ता मिळतो, जीडीबीत नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो.

`बेरीज(क्ष, वर्ग(य))` चा घोळही याच रचनेने सुटतो. तू क्ष आधी आरडीआयमध्ये टाकतोस आणि मग `वर्ग(य)` काढायला जातोस, जो स्वतःचं आर्ग्युमेंट त्याच आरडीआयमध्ये टाकतो. क्ष गेला. नियम असा कर: सगळी आर्ग्युमेंट्स डावीकडून उजवीकडे काढून आपापल्या टेम्पररी खान्यात ठेवायची, आणि शेवटची काढून झाली की मगच एका दमात रजिस्टरमध्ये भरायची: आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९. दशांशाच्या किमती एक्सएमएम० ते एक्सएमएम७ मध्ये, त्यांची मोजणी वेगळी. सातवा पूर्णांक स्टॅकवर. बोलावलेल्या फंक्शनला तो आरबीपी अधिक १६ वर सापडतो, कारण आरबीपीवर जुना आरबीपी असतो आणि अधिक ८ वर परतीचा पत्ता. आर्ग्युमेंट्स कोणत्या क्रमाने काढायची हे सी भाषा ठरवून देत नाही. तू तुझ्या भाषेत ठरवून टाक, रिपोर्टमध्ये लिहायला एक परिच्छेदही मिळेल.

कोणता रजिस्टर कोणी जपायचा याबद्दलही तू विचारलंस. आपल्याकडे लग्नाचं लॉन भाड्याने घेतात ना, तसं धर: लॉनवाल्याच्या खुर्च्या कशाही वापरा, पण जाताना होत्या तशा लावून जा, आणि तुमची स्वतःची वस्तू टेबलावर सोडून गेलात तर ती परत मिळेल याची हमी नाही. आरबीएक्स, आरबीपी, आर१२ ते आर१५ या खुर्च्या: बोलावलेल्या फंक्शनने वापरले तर परतताना मूळ किंमत भरून द्यायची. बाकी सगळे, म्हणजे आर्ग्युमेंटचे सहा, आरएएक्स, आर१०, आर११ आणि लिनक्सवर एकूण एक एक्सएमएम, हे टेबलावरच्या वस्तू. कॉलनंतर त्यात काय असेल ते धरून चालायचं नाही.

ही वाटणी अशी का, हे रजिस्टर ॲलोकेटर (कोणती किंमत कोणत्या रजिस्टरमध्ये ते ठरवणारा भाग) लिहायला घेशील तेव्हा कळेल. एखादी किंमत कॉलच्या आरपार जगत नसेल तर तिला न जपल्या जाणाऱ्या रजिस्टरमध्ये ठेवणं फुकट पडतं. आत दुसरा कॉलच नसलेल्या छोट्या फंक्शनला मग स्टॅकला हातही लावावा लागत नाही. लूपचा काउंटर मात्र, आत प्रिंटएफ असेल तर, आरबीएक्समध्ये ठेव. प्रोलॉगमध्ये एकदा जपला की लूप कितीही वेळा फिरो. सगळेच रजिस्टर एका बाजूला टाकले असते तर यातला एक प्रकार कायम महाग पडला असता. पण सबमिशनच्या आधी ॲलोकेटरच्या नादी लागू नकोस. सगळं टेम्पररीत ठेवणारा हळू कंपायलर व्हायव्हात चालतो, चुकीचा नाही चालत.

विंडोजची गोष्ट सरळ आहे: तिथे करारच वेगळा. प्रोसेसर तोच, सूचना त्याच, पण पहिली चार आर्ग्युमेंट्स आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९ मध्ये. तू आरडीआयमध्ये भरलेलं तिथे कोणी पाहतच नाही. दशांशाची मोजणी तिथे वेगळी नसते. दुसरं आर्ग्युमेंट दशांश असेल तर ते एक्सएमएम१ मध्ये जातं आणि आरडीएक्सची जागा रिकामी राहते. बोलावणाऱ्याने परतीच्या पत्त्याच्या वर ३२ बाइटची मोकळी जागाही सोडायची, आर्ग्युमेंट एक असो की चार. त्यामुळे पाचवं आर्ग्युमेंट आरबीपी अधिक ४८ वर सापडतं. आणि आरडीआय, आरएसआय, एक्सएमएम६ ते एक्सएमएम१५ तिथे जपावे लागतात; लिनक्सची सवय असलेला माणूस इथे हमखास आपटतो. वर सांगितलेली फ्रेम (फंक्शनची स्टॅकवरची जागा) आधीच मोजून ठेवलीस तर विंडोजसाठी फक्त रजिस्टरांची यादी (मोजणीसकट), जपायची यादी आणि ही ३२ ची भर बदलावी लागेल. हे तिन्ही एका टेबलात काढून ठेव, कोडभर `जर विंडोज` करत फिरू नकोस.

जुन्या ३२-बिटच्या ट्युटोरियलमध्ये तू सीडीइसीएल आणि एसटीडीकॉल हे जुने करार वाचलेस, ते इथे बाजूला ठेव. तिथे आर्ग्युमेंट्स उजवीकडून डावीकडे पुश होत, म्हणजे प्रिंटएफला फॉरमॅट स्ट्रिंग कायम ठरलेल्या जागी सापडे. फरक एवढाच की सीडीइसीएलमध्ये स्टॅक बोलावणारा साफ करी, एसटीडीकॉलमध्ये बोलावलेला. ६४-बिटवर हा वाद उरलेला नाही.

तुझ्या पार्टनरचा मुद्दा, "आपली भाषा आहे तर कन्व्हेन्शनही आपलीच का नको?", हा चुकीचा नाही. तुझ्या भाषेतलं फंक्शन तुझ्याच भाषेतल्या फंक्शनला कसंही बोलवू शकतं. एबीआय फक्त सीमेवर, म्हणजे सीच्या कोडशी बोलताना, पाळावा लागतो. गो भाषेने आर्ग्युमेंट्स वर्षानुवर्षं स्टॅकवरूनच दिली, आणि २०२१ मध्ये १.१७ आवृत्तीत एएमडी६४ वर (म्हणजे हेच एक्स८६-६४) रजिस्टरकडे वळली तेव्हा प्रोग्राम साधारण ५ टक्के वेगवान झाल्याचं त्यांनीच नोंदवलं. तरीही त्यांच्या आतल्या कन्व्हेन्शनमध्ये बोलावलेल्याने जपायचे म्हणून रजिस्टर ठेवलेले नाहीत. त्यांनी स्वतःची सोय पाहिली. पण त्याची किंमत सीच्या सीमेवर मोजावी लागते: दर वेळी एक करार सोडून दुसऱ्यात जाणारा कोड लागतो. तुझ्या भाषेत छापणं, मेमरी घेणं, फाइल उघडणं सगळं सीच्या लायब्ररीतूनच होतंय. तुझी जवळपास सगळी फंक्शन्स सीमेवरच उभी आहेत. सिस्टम व्ही जशीच्या तशी घे.

दुरुस्ती झाली की नुसतं प्रिंटएफ चाललं म्हणून थांबू नकोस. सीमध्ये आठ आर्ग्युमेंट्सचं एक फंक्शन लिही जे सगळी छापतं, आणि ते तुझ्या भाषेतून बोलाव. मग उलट, तुझ्या भाषेतलं आठ आर्ग्युमेंट्सचं फंक्शन सीमधून. दोन्हीत काही आर्ग्युमेंट्स दशांश ठेव. शेवटी तुझ्या भाषेत दोन आकड्यांची तुलना करणारं फंक्शन लिहून ते सीच्या क्यूसॉर्टला (यादी क्रमाने लावणारं फंक्शन) दे. क्यूसॉर्ट स्वतःचा हिशेब आरबीएक्स, आर१२ अशांमध्ये ठेवून तुझ्या फंक्शनला पुन्हापुन्हा बोलावतं. तू एकही जपायचा रजिस्टर बिघडवून परत आलास तर यादी उलटसुलट लागेल किंवा प्रोग्राम तिथेच पडेल. तसं झालं तर त्या तुलनेच्या फंक्शनचं प्रोलॉग आणि एपिलॉग (शेवटच्या सूचना), दोन्हीचं असेम्ब्ली मला दाखव.