जुन्या रीळवाल्या पिनबॉलवर स्कोअर कसा वाढवायचा? आणि मशीन हलवणं चिटिंग आहे का?

दुसरा प्रश्न वाचूनच लिहायला बसलो. (पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर बॉल खेळवायची मशीन, जुन्यांवर स्कोअर फिरत्या आकड्यांच्या रीळांवर दिसतो.) नाही, चिटिंग नाही! मशीनच्या पोटात एक लंबक टांगलेला असतो, त्याच्याभोवती कडी. लंबक कडीला टेकला की टिल्ट, म्हणजे जास्त हलवल्याची शिक्षा: फ्लिपर (बॉल परतवणारे खालचे दोन दांडे) मेले, बोनस (बॉल गेल्यावर मिळणारे साठलेले पॉइंट) गेला. हलवायचंच नसतं तर मधे जागा कशाला सोडली असती बाप्पा?

१९८४ च्या उन्हाळ्यात नागपुरात सदरला एका क्लबात अशी सेकंडहँड मशीन होती, बाजूला कूलर घरघरत असायचा आणि तरी घामाने बटणावरून बोट घसरायचं. माझा मामेभाऊ, आमचा दादा, दोन्ही फ्लिपर एकदम फटफट दाबत राहायचा. दोन्ही वर उचलले की मधली फट उलट मोठी होते, हे त्याला अजून पटलेलं नाही. पैज तर्री पोह्याची. माझा शेवटचा बॉल, डबल बोनस लागलेला, आणि बॉल डाव्या आउटलेनच्या, म्हणजे कडेने बॉल बाहेर जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी. तळहाताने एकच धक्का दिला, बॉल खुंटीच्या रबरावर आपटून आत आला, मग दोन टार्गेट पाडून गेला एकदाचा. त्यानंतर बोनसचे दिवे एकेक करून विझत खाली आले, प्रत्येकाला दोनदा टण टण, रीळं खडखड फिरत होती आणि दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. "ढकलून जिंकला बे तू, याला जिंकणं म्हणत असतात काय?" पोहे आजपर्यंत दिले नाहीत.

दादा, वाचत असशील तर ऐक. न्यूयॉर्कमधे १९४२ पासून पिनबॉलवर बंदी होती, जुगार म्हणून. १९७६ मधे रॉजर शार्प नावाच्या पिनबॉल खेळाडूने नगरपरिषदेच्या लोकांसमोर आधी सांगून प्लंजर (बॉल सोडायचा स्प्रिंगचा दांडा) ओढला आणि बॉल बरोबर मधल्या लेनमधे घातला. बंदी उठली. हातात कसब असतं रे.

बाकी स्कोअरचं म्हणाल तर आधी बोनस चढवा, दहा-दहा पॉइंटच्या मागे धावू नका. बॉल वरून फ्लिपरवर पडत असेल तर फ्लिपर उचलूच नका, तो बहुतेकदा टप्पा खाऊन पलीकडच्या फ्लिपरवर जातो, तिथे अडवून मग नेम धरा. प्लंजर किती ओढायचा ते मशीनगणिक वेगळं, पहिले दोन-तीन बॉल त्यातच घालवा.

आणि हो, टिल्ट कुठे कडक कुठे ढिला असतो, काही जुन्या मशीनवर टिल्ट झाला की अख्खा गेमच संपतो, तेव्हा दुसऱ्याच्या घरची मशीन असेल तर आधी विचारून घ्या. शार्पने नंतर स्वतःच कबूल केलं की तो शॉट नशिबाने लागला, पण हे दादाला सांगू नका.