लग्नाला दोन महिने उरलेत, रंग उजळायला आणि केसांसाठी काय काय, केव्हा करावं?

तू लिहिलंस की लग्न मे महिन्यात आहे, गाव वर्ध्याकडचं, शेतात जाणं सुटत नाही आणि मैत्रिणीनं एक क्रीम सांगितली आहे जिनं पंधरा दिवसांत फरक पडतो. तू माझ्या पुतणीच्या वयाची दिसतेस, म्हणून अगंतुगंच करते. केसांचं, फेशियलचं पुढं सांगते. आधी त्या क्रीमचं बोलू.

खोकं उलटं कर आणि बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एकही नाव दिसलं तर ती लावू नको. ते स्टेरॉईड आहे, औषध आहे, चेहऱ्याला रोज चोपडायची वस्तू नाही. २०१८ मध्ये सरकारनं अशी मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी मेडिकलमध्ये "गोरं व्हायची क्रीम द्या" म्हटलं की काउंटरवर हीच ट्यूब येते. आणि खोक्यावर काय घातलंय हेच लिहिलेलं नसेल तर ती तर हातातच धरू नको. तसल्या क्रीममध्ये पारासुद्धा निघतो.

मी समुद्रपूर तालुक्यात बरीच वर्षं पार्लर चालवते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, आमच्या घरात घडलेलं सांगते.

माझ्या मोठ्या दिरांची मुलगी. रंगानं सावळी, नाकीडोळी नीटस, बारावी झालेली, घरचा कापूस वेचायला आईच्या बरोबरीनं जाणारी. तिची पहिली सोयरीक रंगावरून मोडली. पाहुणे आले, पोहे खाल्ले, चहा घेतला, शेती किती ते विचारलं, आणि मध्यस्थाकडून निरोप आला की मुलगी चांगली आहे पण आमचा मुलगा गोरा आहे. जाऊबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. तालुक्याच्या बाजारातून येताना त्या मेडिकलमधून एक ट्यूब घेऊन आल्या. अर्ध्या बोटाएवढी, गुलाबी खोक्यातली. मला सांगितलं नाही, कारण मी काय म्हणणार हे त्यांना माहीत होतं. आमचा हा वाद जुना आहे. मी पार्लर उघडलं तेव्हापासून त्या म्हणतात, "तू बाकीच्या पोरींले गोरं करतं, घरच्या पोरीले काहून नाही करत?" आणि मी तेव्हापासून सांगते की मी कोणालाच गोरं करत नाही. मी चेहरा स्वच्छ करते, भुवया कोरते, केस कापते.

आता खरी मेख ऐक. क्रीमनं गुण दिला! पुढच्या ठिकाणी जुळलं, साक्षगंध झालं, आणि साक्षगंधात पोरगी खरंच उजळ दिसली. सगळ्या बायका बोलल्या. स्टेरॉईड सुरुवातीला कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, रंग तयार व्हायचं काम मंदावतं, पुरळ आणि सूज दाबून टाकतं. म्हणून चेहरा नितळ वाटतो. लावणारीला काय वाटेल? आपण योग्य तेच करतोय. मग ती महिनोन्महिने लावत राहते, आणि तेवढ्यात खालची कातडी पातळ होत जाते.

लग्नाच्या आधी ती भुवया करायला माझ्या खुर्चीवर बसली तेव्हा मला दिसलं. नाकपुडीच्या कडेला लाल बारीक रेघा, गालावर मिशीसारखी लव, हनुवटीवर एकसारख्या आकाराच्या पुटकुळ्या. दोरा एकदा फिरवला तर भुवईखालचा भाग असा लाल झाला की मी हात थांबवला. मी विचारलं, चेहऱ्याला काय लावतेस? ती आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, चुलीजवळ बसलं की तोंड जळते वो. उन्हात तर ओढणी काढवत नाही." एक दिवस क्रीम नाही लावली तर खाज सुटायची, म्हणून ती पुन्हा लावायची. साक्षगंधाच्या आधीपासून सुरू होतं ते.

मी ट्यूब मागवून पाहिली. क्लोबेटासॉल. हे या जातीतलं सगळ्यात कडक औषध.

मी स्वतः काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन सेवाग्रामला कस्तुरबा दवाखान्यात गेले, कातडीच्या डॉक्टरांकडे. त्यांनी ट्यूब पाहूनच ओळखलं. असे चेहरे त्यांच्याकडे इतके येतात की त्यांच्यात या त्रासाला वेगळं नावच आहे, स्टेरॉईडनं बिघडलेला चेहरा. त्यांनी ती क्रीम एकदम न तोडता हळूहळू सोडवायला सांगितली, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि खायच्या गोळ्या दिल्या. आणि स्पष्ट सांगितलं की सोडल्यावर काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल. आवळून धरलेल्या रक्तवाहिन्या सुटल्या की फुलतात, दाबलेलं पुरळ वर येतं.

तसंच झालं. गाल लाल, पुटकुळ्या दुप्पट, आग इतकी की ती ओला फडका तोंडावर घेऊन झोपायची. आणि लग्न जवळ आलेलं. जाऊबाई माझ्या दारात येऊन बोलल्या, शेजारपाजारच्या बायका ऐकत असताना: "चांगलं तोंड होतं माया पोरीचं. तूनं दवाखान्यात नेलं अन् जाळून टाकलं. लगन तोंडावर आलं, आता लोकांले काय दाखवू?" मी एवढंच म्हटलं, "बाई, ते तोंड चांगलं नव्हतं, ते झाकलं होतं." पण आईच्या जिवाला तेव्हा ते कुठून पटणार. पोरीनं मात्र माझं ऐकलं. रात्री चोरून ट्यूब लावली असती तर चार दिवसांत लाली गेली असती, हे तिलाही कळत होतं. तिनं नाही लावली. त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

लग्नात मी तिला जाड थर लावला नाही. थंड पाण्याचा फडका, मॉइश्चरायझर, लाली होती तिथं थोडासा हिरवट करेक्टर, वरून तिच्या स्वतःच्या रंगाचा हलका बेस, डोळ्यांना नीट काजळ. गालाची लाली थोडी दिसत होती. दिसली तर दिसली. नवरदेवाकडच्या एका म्हातारीनं विचारलं, पोरीच्या गालाले काय झालं? मीच उत्तर दिलं, ऊन लागलं आजी. सासरी ती नांदते आहे, चेहरा पुष्कळ भरून आला आहे. उन्हात अजून गाल तापतात, ते कदाचित राहील. जाऊबाई आजही घरातल्या कार्यात म्हणतात की क्रीम बंद केली म्हणून बिघडलं. म्हणून इथं लिहून ठेवते: क्रीम बंद केल्यानं काही बिघडलं नाही. आधीच बिघडलेलं क्रीमनं झाकून ठेवलं होतं. साक्षगंधाचे फोटो दाखवून कोणी मला खोटं पाडू शकत नाही, कारण त्या फोटोतला उजाळाच तर त्या औषधाचा होता.

आता तुझं बाकीचं.

रंग उजळणार नाही. अंगाचा मूळ रंग दोन महिन्यांत काय, दोन वर्षांतही बदलत नाही. जो बदलतो तो उन्हानं रापलेला थर, आणि त्याला कातडी नवी व्हायला महिनाभर लागतोच. म्हणून आजपासून शेतात जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला दुपट्टा आणि एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. एवढ्यानं मे पर्यंत जो फरक पडेल तो कोणत्या फेशियलनं पडणार नाही. एका मोठ्या कंपनीनं २०२० मध्ये आपल्या क्रीमच्या नावातून "फेअर" काढून "ग्लो" घातलं, पण आपल्याकडच्या दुकानात आया अजून जुन्याच नावानं मागतात. नाव बदलून आयांचं मन बदलत नाही, ते घरातच बोलून बदलावं लागतं. तुझ्या आईशी बोल.

लिंबू चेहऱ्याला लावू नको. लिंबाचा रस आणि ऊन मिळून काळे चट्टे पडतात, फोडही येतात. खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, काही नाही. मसूर डाळीचं पीठ दह्यात कालवून आठवड्यातून एकदा लाव, चोळू नको, धुऊन टाक.

हातांचं तू विचारलंच नाहीस, आणि नवरीचे हातच सगळ्यात जास्त दिसतात. हळद, मेहंदी, बांगड्या, सप्तपदी, सगळे फोटो हाताचे. वेचणीत बोंडाची टोकं नखांच्या कडेला टोचून कातडी सुटते, बोटांच्या पेरांना भेगा पडतात आणि त्यात मळ बसतो. रोज रात्री हात कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेव, पुसून जाडसर व्हॅसलीन लाव आणि जुने सुती मोजे हातात घालून झोप. भेगा महिन्यात भरतात. भरलेल्या हातावर मेहंदी चढते कशी ते बघ. मेहंदी लग्नाच्या दोन दिवस आधी काढ. खरी मेहंदी आधी केशरी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद होते. पाच मिनिटांत काळी होणारा कोन घेऊ नको, त्यात केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं, हातावर फोड आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

केस सरळ करू नको. केरॅटिन, स्मूदनिंग वगैरे करताना जी वाफ येते तिनं डोळे चुरचुरतात, त्यातल्या कितीतरी औषधांत फॉर्मॅलिनचाच प्रकार असतो. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं असताना घामानं केस चिकटणार, अंबाडा आणि गजरा लागणार. सरळ केलेला केस कोण बघणार आहे? टोकं महिनाभर आधी काप. रंग लावायचाच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस थांब.

केस गळतात म्हणतेस, तर तेलं बदलत बसण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपास. बाराच्या खाली असेल तर गोळ्या तिथंच मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. आवळा किंवा लिंबू-पाण्याबरोबर घे. केसांना फरक दिसायला तीन महिने लागतील, लग्नाला नाही दिसला तरी दिवाळीला दिसेल.

फेशियल आठवडाभर आधी, आणि आधी कधी केलं असेल तेच. वॅक्स आणि भुवया दोन-तीन दिवस आधी. ब्लीच नाही, हळदीच्या आठवड्यात तर मुळीच नाही, त्यावर हळद लागली की आग होते. हळद म्हणशील तर पुडीतली नको. आमच्या समुद्रपूर तालुक्यात वायगावची हळद आहे, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली. गाठी आणून घरी दळा.

दोन गोष्टी आणखी, त्या आधीच सांगायला हव्या होत्या. एक, कातडीच्या डॉक्टरनं तुला इसबासाठी किंवा वांगासाठी असं मलम थोड्या दिवसांकरता दिलं असेल तर माझं वाचून ते बंद करू नको, त्यांनाच विचार. आणि कोणी महिनोन्महिने स्वतःच लावत असेल तर एकदम सोडण्याआधी डॉक्टरला दाखव. मी पार्लरवाली आहे, डॉक्टर नाही. दुसरं, लग्नात पाळी येईल म्हणून पुढं ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नको, तेही डॉक्टरला विचारूनच.

मेकअपवाली ठरवशील तेव्हा ट्रायल घे, आणि ती तिच्या पार्लरच्या कूलरसमोर नाही, दुपारी दोन वाजता उघड्या अंगणात. तुझ्या रंगापेक्षा उजळ बेस ती काढेल, सगळ्या काढतात. सावळ्या चेहऱ्यावर तो राख फासल्यासारखा दिसतो आणि गळ्याशी रेघ पडते. तिला गळ्यावर लावून रंग जुळवायला सांग. ती म्हणाली की नवरी थोडी गोरी दिसायला पाहिजे, तर दुसरी मेकअपवाली बघ.