राजाची परात

प्रश्न : डॉक्टरीणबाई, आमच्याकडे तीन वर्षांचा कारवानी जातीचा कुत्रा आहे, राजा. दिवसभर शेतात असतो, रात्री नऊला एकदाच जेवण. चार ज्वारीच्या भाकरी दुधात कुस्करून दिल्या की दोन मिनिटांत फस्त! शेजारच्या गावात असाच एक कुत्रा पोट फुगून रात्रीतून गेला, तेव्हापासून धास्ती बसलीय. पुण्याहून मुलानं फूटभर उंच स्टँडवरचं भांडं पाठवलंय. मान वाकवावी लागत नाही म्हणे. ते वापरावं का? आणि पोट फुगलंच तर बैलाला पाजतो तसं गोडेतेल पाजलं तर चालेल? — एक वाचक, औसा तालुका

उत्तर : दादा, त्या स्टँडवर तुळशीची कुंडी ठेवा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने मोठ्या जातींची सोळाशेहून जास्त कुत्री पाहिली आणि 2000 साली निष्कर्ष छापले. उंचावरच्या भांड्यात खाणाऱ्यांना हा आजार जास्त झालेला दिसला. त्यात आपला कारवानी नव्हता, पण छाती त्याचीही तशीच खोल नि अरुंद. मान किंवा अन्ननलिका दुखत असलेल्या कुत्र्याला डॉक्टर कधी उंच भांडं सांगतात. राजाला त्याची गरज नाही.

तेलाचं मात्र आजपासून डोक्यातून काढा. बैलाच्या पोटात फेस धरलेला असेल तर तेलानं तो मोडतो. कुत्र्याचं जठर आधी फुगतं आणि मग स्वतःभोवतीच पीळ घेतं. पोत्याचं तोंड पिळावं तशी त्याची दोन्ही तोंडं आवळतात, रक्तही अडतं. वरून पाजलेलं पोटात उतरत नाही, फुप्फुसात जायची भीती.

माझ्याच घरातलं सांगते. आमची पश्मी जातीची कुत्री होती, चंपी. घरात पुरणाचा बेत, पाहुण्यांची गडबड, तिला सकाळचं द्यायचं राहिलं. रात्री मीच दोन वेळचं एकदम वाढलं. सव्वाअकराला ती अंगणात मान लांब करून ओकायला बघत होती. पडत होता नुसता फेसाचा तार. बसायची, उठायची, पोटाकडे वळून बघायची. आणि मी, जनावरांची डॉक्टर, म्हणाले, जास्त झालंय, ओकली की मोकळी होईल. अर्धा तास असाच घालवला. मग बरगड्यांमागे टिचकी मारली तर हलगीसारखा आवाज आला. ऑपरेशन करून पीळ सोडवला, जठर पोटाच्या आतल्या भिंतीला टाचलं. वाचली, पण त्या अर्ध्या तासाचं मला अजून वाईट वाटतं.

तर राजाचं जेवण दोनदा करा, जमलं तर तीनदा. भाकरी तेवढीच, फक्त वाटून. दुधाऐवजी ताक घाला, जोडीला उकडलेलं अंडं. भांडं म्हणजे पसरट परात, जमिनीवर. तिच्यात मधोमध आडवा वरवंटा ठेवा आणि काला त्याच्या भोवतीनं पसरा. जीभ फिरवत खावं लागलं की दोन मिनिटांची आठ-दहा मिनिटं होतात. दगड तोंडात मावेल एवढा नको, गिळायचा. बाजारात खाचांची प्लास्टिकची भांडी मिळतात. सुक्या खाद्याला ठीक, पण आपला काला खाचांत अडकून उन्हाळ्यात आंबतो. वरवंटा मात्र जुना शोधा. रोजच्या वाटणाचा उचललात तर पुढचं पत्र वहिनींचं येईल!

शेतातून धावत आल्या आल्या वाढू नका, तासभर टेकू द्या, जेवल्यावरही तेवढंच. पाणी तोडू नका, आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर अजिबात नाही. दुसरं कुत्रं शेजारी खात असेल तर दोघांना लांब बांधा, हावरटपणा निम्मा तिथेच असतो.

आणि एक काम आजच करा. रात्री कुत्र्याचं पोट उघडू शकेल असा डॉक्टर जवळ कुठे आहे ते विचारून ठेवा. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथेही चौकशी करा. ओकारी येते पण पडत काही नाही, पोट ताणलंय, हिरड्या पांढुरक्या, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. फोन करत गाडी काढायची. नंबर गोठ्याच्या दारावर खडूनं लिहा, मोबाइल ऐनवेळी चार्ज नसतो.