गिटारवर फास्ट पिकिंग करताना पिक तारेत अडकतो, स्पीड आणि स्मूदनेस कसा आणू?

पिकचं फक्त टोक, साधारण २-३ मिमी, तारेखाली जाईल एवढंच ठेवा आणि जोर कमी करा, अडकणं बरंचसं तिथेच सुटेल. मी गिटार शिकवतो, स्पीड अडलेल्या बहुतेकांचं हेच दिसतं, पिक खोल जातो मग बाहेर काढायला ताकद लागते आणि त्या ताकदीने मनगट, कोपर सगळं आखडतं, आखडलेला हात फास्ट चालतच नाही. पिक तारेला अगदी सपाट न लावता थोडा तिरका धरा म्हणजे कड घसरत जाते, स्ट्रोक खाली-वर आलटून पालटून, हालचाल मनगटातून. मेट्रोनोम (ठराविक वेगाने ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला ४ नोट्स, आवाज एकसारखा आला की थोडं थोडं वाढवा. मधेमधे एकाच तारेवर छोटे फास्ट तुकडेही वाजवा हं, नुसतं हळू वाजवून हात फास्ट हालचाल शिकत नाही.

फक्त तार बदलतानाच अडखळत असाल तर मात्र कारण वेगळं, शेवटच्या स्ट्रोकनंतर पिक दोन तारांच्या मधे राहतो. तेव्हा एका तारेवर २ किंवा ४ नोट्स घ्या, सुरुवात डाउनस्ट्रोकने, आणि अपस्ट्रोकला पिक तारांच्या वर निघेल असा हात किंचित झुकवा.