शून्याखाली एक ओळ मोकळी ठेव

प्रिय,

नदीकाठच्या लोकांकडून तू भरून आणलेले पाहणीचे फॉर्म दोन रात्री बसून वाचले. 'महाशीर मासा वाचवायला वर्षाला किती पैसे द्याल?' या प्रश्नापुढं इतकी शून्यं बघून तुझा धीर सुटला, हे पत्रातून जाणवलं. पण घाई करू नकोस.

शून्य लिहिणारे सगळे सारखे नसतात. एखाद्याला माशाचं खरंच काही पडलेलं नसतं. दुसरा म्हणतो, "आधी नदीत कारखान्याची मळी सोडणाऱ्यांना आवरा, मग आमच्याकडं मागा." पाणी उतरल्यावर सांगलीच्या काठाला मेलेल्या माशांचा खच ज्यानं बघितलाय, तो असंच बोलणार. त्याच्या लेखी मासा फुकटचा नाही. पैसे कुणी भरायचे, एवढंच त्यानं सांगितलंय. ही दोन्ही शून्यं एकाच सरासरीत टाकलीस, तर ज्याचा जीव सगळ्यात जास्त तुटतोय तोच बेफिकीर ठरेल. म्हणून शून्याखाली 'का?' ला जागा ठेव आणि उत्तर त्याच्याच शब्दांत उतरवून घे.

प्रश्नही बदल. मंडईत आपण भाव ऐकतो, मग घ्यायचं की नाही ते ठरवतो. अलास्कातल्या १९८९ च्या तेलगळतीनंतर निसर्गाचं असं नुकसान पैशांत कसं मोजायचं, हा प्रश्न आला, तेव्हा केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या अर्थतज्ज्ञांच्या समितीनं १९९३ मध्ये हेच सुचवलं: रक्कम आपण सांगायची आणि मतदानासारखं 'हो' की 'नाही' विचारायचं. वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी रक्कम सांग. पैसे कुणाच्या हातात जाणार, तेही सांग. आपल्याकडं पावतीपुस्तक कुणाकडं आहे हे बघूनच लोक वर्गणी देतात.

आणि कुठला महाशीर, ते नीट लिही. आपल्या कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातला निळ्या परांचा महाशीर वेगळा, कावेरीतला कुबड असलेला वेगळा. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली या निळ्या परांच्या महाशीरची पिल्लं कावेरीत सोडली गेली, ती तिथं फोफावली आणि मूळचा कुबडवाला मागं पडला. २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. सोडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, म्हणून मला हे जास्त लागतं. 'पिल्लं सोडायला पैसे द्याल का?' आणि 'हा मासा वाचवायला द्याल का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

ही घसरण उघड कशी झाली, माहीत आहे? कावेरीवर गळ टाकणाऱ्यांनी मासा पकडून परत सोडताना ठेवलेल्या नोंदींतून. १९९८ ते २०१२ च्या त्या वह्या अभ्यासकांच्या कामी आल्या. तशी वही लिहिणं हेही देणंच आहे, पण तुझ्या फॉर्मात त्याला रकाना नाही. कोण नोंद ठेवेल, कोण मासा जिवंत सोडेल, कोण रात्री राखणीला येईल, हे विचार. खिसा रिकामा असलेला माणूसही तिथं मोजला जाईल.

रविवारी पहाटे कराडला प्रीतिसंगमावर ये. गळ टाकून बसलेल्यांजवळ जरा बसू. फॉर्म मात्र पिशवीतच राहू देत.

तुझा,
सर