मांसाहारावर आधारित आहारात फळं आणि मध घ्यावेत का?

फळं जरूर घ्या, मधाबाबत मात्र हात आखडता ठेवा. मांसात फायबर नसतं आणि क जीवनसत्त्व फारच कमी. एका मध्यम संत्र्यातून ते साधारण 70 मिलिग्रॅम मिळतं. मध म्हणजे जवळपास साखरच, मोठ्या चमच्यात सुमारे 17 ग्रॅम. भरपूर व्यायाम असेल तर चमचाभर चालेल.

कीटोसिस, म्हणजे शरीर साखरेऐवजी मुख्यतः चरबी जाळून ऊर्जा मिळवतं ती अवस्था, टिकवायचा असेल तर गणित बदलतं. दिवसाची कर्बोदकं साधारण 50 ग्रॅमच्या आत ठेवावी लागतात आणि एका मध्यम केळ्यातच 27 ग्रॅमच्या आसपास जातात. त्यापेक्षा स्ट्रॉबेरी बरी.

मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, हे अगदी कळकळीनं सांगतो. आणि वर्षाखालच्या बाळाला मध चाटवूसुद्धा नका, बॉट्युलिझम या जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका असतो.