खटला हरलेला बाप

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी वाचली. त्यातील वकील अ‍ॅटिकस फिंच बाप म्हणून सर्वांना आवडला. बारावीतल्या माझ्या मुलीने मात्र विचारले, की निरपराध टॉम रॉबिन्सन अखेर मेलाच, मग या शहाणपणातून न्याय कोणता झाला? तिला काय सांगावे?
— एक वाचक, दापोली

उत्तर : आपल्या मुलीचा प्रश्न रास्त आहे, आणि अ‍ॅटिकसवरील प्रेमापोटी तो बाजूला सारू नये. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीतील खटला १९३०च्या दशकातील अमेरिकेच्या अलाबामा राज्यात चालतो; टॉम या कृष्णवर्णीय तरुणावर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप असतो. फिर्यादी मुलीच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजली होती, तिचा बाप डावखुरा आहे आणि टॉमचा डावा हात लहानपणीच यंत्रात सापडून निकामी झाला आहे, हे सारे अ‍ॅटिकस भर न्यायालयात दाखवून देतो. तरीही गोऱ्या पंचांची ज्यूरी टॉमला दोषी ठरवते.

अ‍ॅटिकसने हा खटला आपणहून मागून घेतलेला नव्हता. तो न्यायाधीशांनी त्याच्याकडे सोपवला होता, आणि नाममात्र उभे राहून तो सुटू शकला असता. पण हे काम टाळले तर मुलांना 'असे वागू नका' म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही, असे तो आपल्या मुलीला, स्काउटला सांगतो, आणि टॉमला मारायला जमाव येणार म्हणून रात्री तुरुंगाच्या दाराशी एकटा बसतो. घरात एक आणि गावात दुसरे, असे त्याच्याकडे नाही. माझ्या मते त्याच्या बापपणाचे सारे बळ यात आहे.

मात्र त्याची मर्यादाही मुलीला मोकळेपणाने सांगावी. माणसे समजून घेतली की हळूहळू सुधारतील, यावर त्याची भिस्त आहे. ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांनी तोवर कुठे थांबायचे, याचे उत्तर त्याच्यापाशी नाही. आपल्याला हा फरक महाडमुळे नीट कळू शकतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला, महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, पण अस्पृश्यांना पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक स्वतः तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण सोबती पाठीशी होते, आणि त्यांचे मोल मोठे आहे. परंतु ओंजळ ज्यांची होती त्यांनीच ती भरली. पुढे तळ्याचा दावा उच्च न्यायालयात १९३७ पर्यंत चालला, म्हणजे टॉमच्या काल्पनिक खटल्याच्याच काळात.

कादंबरीत कृष्णवर्णीय माणसे बहुतेक वेळ सज्जात बसून ऐकतात. तरी एक प्रसंग मुलीसोबत पुन्हा वाचावा. स्वयंपाकीण कॅल्पर्निया मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते; तिथे टॉमच्या बायकोसाठी दहा डॉलर जमेपर्यंत रेव्हरंड साइक्स कोणाला बाहेर पडू देत नाहीत. ही त्या समाजाची स्वतःची कृती अ‍ॅटिकसच्या भाषणाइतकीच लक्ष देऊन वाचली, तर आपल्या मंडळातील पुढची चर्चा अधिक खरी होईल.